महाकवि भवभूति व स्मशानाचा अंक

वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. वाकाटक राजांची एक शाखा येथें राज्य करीत होती आणि त्या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं याच गांवीं सांपडला, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवि होता व त्यानें हरिविजय नांवाचें प्राकृत काव्य रचलें होतें. परंतु या गांवाचें नांव साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतहि आलें आहे, हें फार थोड्यांस माहीत असतें. इसवी सन ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखरानें काव्यमीमांसा या ग्रंथांत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत लागल्याची सुंदर कथा दिली आहे. आणि आपल्या कर्पूरमंजरीच्या आरंभीं वैदर्भी रीतीला त्यानें वच्छोमी, म्हणजे वत्सगुल्माची, असें नांव दिलें आहे. रीति म्हणजे लिहिण्याची धाटणी. समास थोडे, कठोर अक्षरें टाळलेलीं, अर्थ पाण्यांतल्या खड्याप्रमाणें स्वच्छ दिसणारा, अशी ही वैदर्भी धाटणी. आणि कालिदास हा तिचा राजा.

आज ज्या कवीचें चरित्र आम्ही सांगणार आहों तोहि याच विदर्भाचा. पण संस्कृत भाषेंतील बहुधा सर्वांत भयंकर प्रसंग लिहितांना त्यानें आपल्या देशाची ही गोड धाटणी जाणूनबुजून बाजूस ठेवली. ती कां ठेवली हें कळलें, तर भुताखेतांची गोष्ट वाचावी कशी हेंहि कळेल. हा प्रश्न लहान नाहीं. वेताळाच्या व हडळींच्या गोष्टी मुलें रात्रीं अंथरुणांत वाचतात, आईबाप तें पुस्तक हिसकावून घेतात. आणि भीति वाटली ती नेमकी कोणत्या शब्दामुळें, हें दोघांपैकीं एकहि विचारीत नाहीं. ज्या मुलाला हें विचारतां आलें, त्याच्या हातून पुस्तक काढून घेण्याचें कारण उरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

भवभूतीचा जन्म दक्षिणापथांत, विदर्भांतील पद्मपूर नांवाच्या नगरीं झाला. आपल्या कुळाची माहिती त्यानें स्वतःच नाटकांच्या प्रस्तावनांत दिली आहे, ही मोठी सोय झाली. कालिदासानें स्वतःविषयीं इतकें कांहींच सांगून ठेवलेलें नाहीं. हें घराणें उदुंबर नांवाच्या ब्राह्मणांचें, तैत्तिरीय शाखेचें, काश्यप गोत्राचें. घरीं अग्निहोत्र व सोमयाग चालत असत. त्याच्या पांचव्या पूर्वजानें वाजपेय यज्ञ केला होता. आजा भट्टगोपाल, बाप नीलकंठ, आई जातुकर्णी. त्याचें स्वतःचें मूळ नांव श्रीकंठ असून भवभूति हें नांव त्याला मागाहून मिळालें, असें टीकाकार सांगतात. त्याच्या गुरूचें नांव ज्ञाननिधि. व्याकरण, मीमांसा व न्याय यांत तो निष्णात होता. वेद, उपनिषदें, सांख्य व योग यांचें अध्ययन झालें असल्याचाहि त्यानें उल्लेख केला आहे, पण लगेच असेंहि सुचविलें आहे कीं, नाटक लिहितांना या पांडित्याचा उपयोग तो काय! महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं हें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचें पदमपूर असें ठरविलें आहे. पूर्वी तें भंडारा जिल्ह्यांत मोडे, आतां गोंदिया जिल्ह्यांत येतें. वाशीमच्या पद्मतीर्थाच्या नांवावरून भवभूतीला आमच्याच गांवचा ठरविण्याचा मोह कोणास झाला, तर तो आवरावा.

तरुणपणीं विदर्भ सोडून तो उत्तरेस गेला. कनोजचा राजा यशोवर्मा याच्या पदरीं वाक्पतिराज व भवभूति हे कवि होते, असें कल्हणानें राजतरंगिणींत लिहिलें आहे. त्यावरून त्याचा काल आठव्या शतकाचा पूर्वार्ध ठरतो. परंतु राजाश्रयाच्या आधीं बरींच वर्षें त्यानें उपेक्षेंत काढलीं असावींत. त्याचीं नाटकें प्रथम राजवाड्यांत झालेलीं दिसत नाहींत. कालप्रियनाथाच्या यात्रेंत, जमलेल्या लोकांसमोर, तीं नटांनीं केलीं. हें दैवत उज्जयिनीचें कीं यमुनाकांठच्या काल्पीचें, यावर पंडितांत दोन पक्ष आहेत. नटांशीं त्याचा मनापासून स्नेह होता, असें प्रस्तावनेंत सूत्रधार सांगतो. वेदपाठी घराण्यांतल्या विद्वानानें नटांशीं मैत्री करावी, हें त्या काळीं सर्वांस रुचलें असेल असें वाटत नाहीं. टीकाकारांनीं त्याला टोंचलेंहि होतें. कारण मालतीमाधवाच्या प्रस्तावनेंत त्यानें त्यांना स्पष्टच उत्तर दिलें आहे. आपला खरा वाचक आज जवळपास नसला तर पुढें केव्हां तरी, कोठें तरी जन्मास येईल, या भरंवशावर त्यानें लिहिलें. कोणी या बाण्याला गर्व म्हणतील. आम्हांला त्यांत एकटेपणाच अधिक दिसतो.

त्याचीं तीन नाटकें आज उपलब्ध आहेत: महावीरचरित, मालतीमाधव व उत्तररामचरित. दोन रामकथेवर आहेत. मालतीमाधव हें दहा अंकांचें प्रकरण त्यानें स्वतःच्या कल्पनेंतून रचलें. त्याची कथा थोडक्यांत अशी. विदर्भराजाचा मंत्री देवरात व पद्मावतीच्या राजाचा मंत्री भूरिवसु हे विद्यार्थिदशेंतले सोबती. आपल्या मुलांचीं लग्नें एकमेकांशीं लावूं, असें त्यांनीं तेव्हांच ठरविलें होतें, आणि त्या वचनाला साक्षी होती त्यांच्याबरोबरच शिकलेली कामंदकी, जी पुढें बौद्ध परिव्राजिका झाली. देवराताचा मुलगा माधव पद्मावतीस शिकावयास येतो, भूरिवसूची मुलगी मालती त्याच्या दृष्टीस पडते, आणि दोघांचीं मनें जुळतात. पण राजाला मालती आपल्या मर्जींतल्या नंदनास द्यावयाची आहे, व मंत्र्याला राजाची इच्छा मोडतां येत नाहीं. सर्व मार्ग खुंटले असें पाहून माधव रात्रीं स्मशानांत जातो. हातांत नरमांस घेऊन तें भूतपिशाचांस विकावें व त्यांच्याकडून आपलें कार्य साधून घ्यावें, हा त्याचा हेतु. येथून पांचवा अंक सुरू होतो.

या अंकावर आम्ही थोडें रेंगाळणार आहों.

प्रथम रंगभूमीवर माधव येत नाहीं. आकाशमार्गानें कपालकुंडला नांवाची कापालिकी येते, आणि प्रेक्षकाला स्मशानाची पहिली ओळख होते ती डोळ्यांनीं नव्हे, नाकानें. चितेच्या धुराचा वास तिला कसा येतो? जुन्या कडुनिंबाच्या तेलांत लसूण तळावा तसा. वऱ्हाडांत लसणाच्या फोडणीचा वास माहीत नाहीं असें घर नसेल. कवीनें येथें कोठलाहि अद्भुत, अमानुष गंध शोधला नाहीं. स्वयंपाकघरांतला वास उचलला, त्यांत शिळ्या कडू तेलाची एक छटा मिसळली, आणि तो चितेवर नेऊन ठेवला. भीतीचें पहिलें बीज असें घरगुती आहे. ज्या लेखकाला हें रहस्य ठाऊक नसतें तो पहिल्याच ओळींत हाडांचा सांपळा नाचवितो, आणि वाचक हंसतो.

मग अंधार. तो एकदम पडत नाहीं. क्षितिजाच्या कडा काळवंडतात, पृथ्वी नव्या पाण्यांत हळूहळू बुडत चालल्यासारखी दिसूं लागते. प्रेक्षकाच्या पायांखालची जमीन अशी काढून घेतल्यावर कवि माधवाला पुढें आणतो, आणि त्याच्या तोंडीं काय घालतो? मालतीच्या आठवणी. भुतें अजून आलेलीं नाहींत. हातांत मांस आहे, आणि मनांत मालतीचा चेहरा. येथली भाषा मऊ आहे, वैदर्भी आहे. ही मृदुता चुकून आलेली नाहीं. पांढऱ्या भिंतीवर काजळाचा ठिपका जसा उठून दिसतो, तशी पुढची कठोर भाषा या मऊ श्लोकांमुळें अंगावर येते.

आणि मग ती येते. लांबच लांब समास, एकमेकांवर आदळणारीं जोडाक्षरें, ट, ठ, ड, ढ यांची खडखड. पिशाचांच्या वासलेल्या तोंडांत जिभा वळवळतात, त्या जळक्या जुन्या झाडाच्या ढोलींत अजगर हलावा तशा. या गर्दींतून कवि एकाच पिशाचाला वेगळें काढतो. तें प्रेताचें कातडें सोलतें, खांदे, पाठ अशा जागचें भरपूर मांस आधीं खातें, मग सांपळा मांडीवर ओढून घेतें आणि हाडांच्या सांध्यांत, खांचाखोंचांत राहिलेलें मांस शोधून खाऊं लागतें. या चित्रांत दोन बारीक गोष्टी आहेत. एक, कवीनें त्या पिशाचाला क्रूर म्हटलेलें नाहीं. तो त्याला रंक, दरिद्री, भुकेनें हाल झालेला असा म्हणतो. दुसरी, तें घाईनें खात नाहीं. स्वस्थपणें, कोणतीहि गडबड न करतां खातें. किळस व दया यांची अशी गांठ पडली कीं वाचकाला मान फिरवितां येत नाहीं, आणि पाहवतहि नाहीं.

विद्यार्थ्यांनीं येथें एक प्रयोग करून पाहावा. पाटीवर दोन वाक्यें लिहावींत. पहिलें: दुष्ट भुतानें प्रेत भराभर खाल्लें. दुसरें: तें उपाशी भूत प्रेताच्या बोटांची हाडें एक एक करून सावकाश चोखीत होतें. दोन्ही वाक्यांत भूत तेंच, प्रेत तेंच, कृतिहि बहुतेक तीच. मग दुसरें वाचतांना पोटांत कां ढवळतें? दुष्ट हें विशेषण वाचकाला आधींच निकाल सांगून टाकतें व त्याचें मन मोकळें होतें. उपाशी हा शब्द निकाल सांगत नाहीं. भराभर म्हटलें कीं प्रसंग संपतो. सावकाश म्हटलें कीं तो चालूच राहतो. लेखकाचा सूर म्हणतात तो याच ठिकाणीं असतो. तो भुतांत सांपडत नाहीं, विशेषणांत व क्रियाविशेषणांत सांपडतो.

हा पाठ आमच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. अकराव्या शतकांत काश्मीरांत मम्मट नांवाच्या आचार्यानें काव्यप्रकाश हा ग्रंथ लिहिला, आणि बीभत्स रसाचें उदाहरण म्हणून त्यानें भवभूतीचें हेंच पिशाच निवडलें. तेव्हांपासून आजतागायत, नऊशें वर्षांहून अधिक काळ, संस्कृत शिकणारा विद्यार्थी किळसेचें विश्लेषण या श्लोकावर शिकत आला आहे. भयानक रसासाठीं मात्र मम्मटानें दुसरा श्लोक घेतला, कालिदासाच्या शाकुंतलांतला: दुष्यंताच्या बाणाच्या भयानें मान वळवून मागें पाहत धांवणारें हरिण. दोन्ही शेजारीं ठेवून वाचावींत. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रांत भयानकाचा स्थायी भाव भय व बीभत्साचा जुगुप्सा, एकाचा रंग काळा व दुसऱ्याचा निळा, असा भेद केला आहे. तो मुलांना पाठ असतो, पण हरिण व पिशाच जोडीनें समोर आल्यावांचून उमगत नाहीं. हरणाला पळावयाचें असतें. पिशाच पाहणारा जागचा हलत नाहीं. आजच्या भयकथांतहि हे दोन प्रकार मिसळलेले असतात, आणि आपण कोठें पळत होतों व कोठें खिळून राहिलों, हें ओळखणें हा वाचनाचा अर्धा अभ्यास आहे.

मम्मटानेंच ओज या गुणाविषयीं सांगितलें आहे कीं, तो वीरांत असतो, बीभत्सांत त्याहून अधिक व रौद्रांत सर्वांत अधिक. आणि टवर्ग, जोडाक्षरें व दीर्घ समास हे त्याला उपकारक होतात. म्हणजे भवभूतीनें वैदर्भी सोडली ती लहरीनें नव्हे. मधुर भाषेंत किळस येत नाहीं, हें त्याच्या कानानें मम्मटाच्या तीनशें वर्षें आधीं ओळखलें होतें.

पुढें स्मशानापलीकडची नदी ऐकूं येते. कांठच्या झाडींत घुबडें घूत्कार करतात, कोल्हीं ओरडतात, पात्रांत अडकलेल्या कवट्यांवर पाणी आपटतें. या सगळ्या गोंगाटांत एकाएकीं एक आर्त हांक येते, टिटवीसारख्या पाखराच्या करुण आवाजाची, आणि माधवाला ती ओळखीची वाटते. इतका वेळ भीति परकी होती. या एका हांकेनें ती त्याची स्वतःची होते. कराला देवीच्या देवळांत अघोरघंट नांवाचा कापालिक व त्याची शिष्या कपालकुंडला मालतीचाच बळी देण्यास सज्ज झालेलीं असतात. माधव धांवतो, तिला सोडवितो व अघोरघंटाला मारतो. परंतु कपालकुंडला निसटते व गुरूच्या वधाचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करते. ती दुष्ट खरी. पण तिच्या दुष्टपणालाहि निष्ठेचा कणा आहे, म्हणून पुढचे तीन अंक प्रेक्षक तिला विसरूं शकत नाहीं. अखेर ती मालतीला पळवितेच, माधव विंध्याच्या रानांत वेडापिसा फिरतो, आणि कामंदकीची जुनी शिष्या सौदामिनी मदतीस आल्यानंतर सर्व गोड होतें.

या अंकांत दोषहि आहेत व ते झांकण्याचें कारण नाहीं. चामुंडेचें स्तवन दंडक नांवाच्या अतिदीर्घ वृत्तांत आहे. तें म्हणतांना नटाचा श्वास कसा पुरला असेल आणि यात्रेंतल्या श्रोत्याला त्यांतलें किती समजलें असेल, देव जाणे. भवभूतीला एक उपमा पुरत नाहीं, एकाच गोष्टीचें वर्णन तो पुन्हां पुन्हां करतो. जेथें कालिदास सुचवून थांबतो तेथें हा शेवटपर्यंत बोलतो. पण एका गोष्टींत तो धीट निघाला. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाहीं. स्मशानांत माधवाबरोबर एखादा भित्रा, लाडूखाऊ विदूषक असता, तर तो एकदां थरथरला असता, प्रेक्षक हंसला असता, आणि अंधार तेथेंच फुटला असता. भीतीला हंसण्याची पळवाट त्यानें ठेवली नाहीं.

इंग्लंडांत हॉरेस वॉल्पोलनें ओट्रांटोच्या किल्ल्याची कादंबरी १७६४ सालीं लिहिली व तेथून पश्चिमेकडील भयकथेचा ओघ सुरू झाला, असें मानतात. भवभूति त्याच्या हजार वर्षें आधींचा. १८२७ सालीं होरेस हेमन विल्सन यांनीं कलकत्त्यास संस्कृत नाटकांचीं इंग्रजी भाषांतरें प्रसिद्ध केलीं, त्यांत मालतीमाधव होतें. आणि १८६६ सालीं बंकिमचंद्रांनीं आपल्या कादंबरीला कपालकुंडला हेंच नांव दिलें, व तींतहि नरबळी देऊं पाहणारा कापालिक आणला. मराठींत कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं एकोणिसाव्या शतकांत या नाटकाचें भाषांतर केलें, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं संस्कृत कविपंचकांत भवभूतीवर सविस्तर निबंध लिहिला.

ज्या हातानें स्मशान लिहिलें त्याच हातानें उत्तररामचरित लिहिलें, हें नवख्या वाचकास खरें वाटत नाहीं. सीतेच्या त्यागानंतरचा राम यांत आहे, आणि करुण रसांत भवभूतीची बरोबरी करणारा कवि नाहीं असें जुने पंडितहि मानीत. पण येथेंहि दुसऱ्या अंकांत राम दंडकारण्यांत येतो तेव्हां आमचा ओळखीचा भवभूति डोकें वर काढतो. अरण्याचा एक भाग अगदीं नि:शब्द, दुसऱ्या भागांत हिंस्र पशूंच्या आरोळ्या. आणि तहानेनें व्याकूळ झालेले सरडे झोंपलेल्या अजगराच्या अंगावरचा घाम पीत आहेत. येथें ना भूत, ना प्रेत, ना रक्त. तरी हें चित्र वाचून अंगावर कांटा येतो. वय वाढल्यावर भवभूतीला भीतीसाठीं स्मशानाची गरज उरली नव्हती, असा आम्ही याचा अर्थ करितों.

याच नाटकाविषयीं एक दंतकथा प्रसिद्ध आहे. भवभूतीनें तें कालिदासाकडे पाठविलें. कालिदास सोंगट्या खेळत होता. सर्व ऐकून त्यानें फक्त एका अक्षरावरचा अनुस्वार अधिक आहे, एवढेंच सांगितलें. रामसीता रात्रभर बोलत बसल्याचें तें वर्णन. टिंब ठेवलें तर अशी रात्र संपली एवढाच अर्थ निघतो. काढलें तर रात्रच संपली, बोलणें संपलें नाहीं, असा. दोघांत तीनशें वर्षांचें अंतर असल्यामुळें ही भेट घडणें अशक्य आहे. पण ही कथा ज्या कोणी प्रथम सांगितली, त्याला विद्यार्थ्यास टिंबाचें मोल शिकवावयाचें होतें यांत संशय नाहीं.

कनोजचें वैभव फार दिवस टिकलें नाहीं. काश्मीरच्या ललितादित्यानें यशोवर्म्याचा पराभव केला. भवभूतीचे शेवटचे दिवस कोठें गेले याचा उल्लेख कल्हण करीत नाहीं. वाक्पतिराजानें आपल्या गउडवहो काव्यांत मात्र त्याचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. आणि ज्या वाचकाची वाट पाहत भवभूति जगला, तो दीडशें-दोनशें वर्षांनीं जन्मास आला: वत्सगुल्मांत साहित्यविद्येचें लग्न लावणारा तोच राजशेखर. तो अभिमानानें म्हणतो कीं, पूर्वी वाल्मीकि, मग भर्तृमेंठ, मग भवभूति झालेला कवि आतां राजशेखर होऊन आला आहे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं जगद्धराच्या टीकेसह मालतीमाधवाची आवृत्ति १८७६ सालीं मुंबईस काढली. वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यास संस्कृत येतें त्यानें मूळ पुस्तक मिळवून पांचवा अंक उघडावा. ज्यास येत नाहीं त्यानें गुरुजींकडून तो मराठींत ऐकावा, व शक्य तर दिवसाउजेडीं. कपालकुंडलेचें पहिलें भाषण संपेपर्यंत घाई करूं नये. लसणाचा वास तेथेंच आहे.